मागाहून लिहिणारी

मित्रांनो, कान जरा जवळ आणा. ही जी बारीक गुरगुर ऐकू येते आहे, ती माझीच. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. माझ्या पोटात चकत्या फिरतात, त्यांच्यावरून एक सुई धावते आणि मला जे सांगितलं जातं ते मी जपून ठेवते. दिसायला मी अगदीच साधी, लोखंडी डबीसारखी. कुणी मला शोकेसमध्ये मांडणार नाही. पण माझी गोष्ट ऐकाल, तर माझ्याकडे नुसता खोका म्हणून पाहणार नाही, असं मला वाटतं.

माझा जन्म झाला त्या दालनात धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथली माणसं डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असायची. नुसते डोळे दिसायचे. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या लखलखीत चकत्या बसवल्या. माझी सुई या चकत्यांना कधी शिवत नाही. ती त्यांच्यावर नुसती तरंगते, आणि मधली फट केसाहूनही बारीक असते. असा नाजूक जीव घेऊन मी जगात आले आणि माझी रवानगी झाली ती एका घराच्या मागच्या खोलीत.

त्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. जमिनीवर सतरंज्या, खिडकीला दुहेरी पडदे आणि टेबलावर जाड कापड. जे डोळ्यांनी वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तिथं पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केली जात. खोलीचे मालक काका. त्यांचं सगळं आयुष्य हेडफोन लावून गेलेलं. कान असे तयार, की स्वयंपाकघरात दुधाला उकळी येऊ लागली तरी इथं त्यांना कळायचं. त्यांच्या खोलीत बांगड्या चालत नसत, कडक इस्त्रीचे कपडे चालत नसत. पोट रिकामं ठेवून आलेलं तर मुळीच चालत नसे.

"बाई, तुमचं पोट वाजतंय," ते वाचता वाचता थांबवून सांगायचे.

"मग चहाबरोबर काहीतरी द्या की!" वाचणाऱ्या मावशी म्हणायच्या. "नुसता चहा पाजता आणि वर पोटाला नावं ठेवता."

या मावशी पूर्वी टेलिफोन खात्यात चौकशीच्या खिडकीवर बसायच्या. माणसाला त्याच्या शंकेचं उत्तर शांतपणे द्यायची सवय त्यांच्या आवाजात मुरली होती. त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं, की आपल्यालाच कुणीतरी समजावून सांगतंय असं वाटायचं. ऐकणारे त्यांना वाचनमावशी म्हणायचे आणि त्यांच्या आवाजाची वाट पाहायचे.

आता काकांची एक पद्धत सांगते, कारण पुढं सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. रोजचं वाचन संपलं, की काका बोट वर करायचे. मग कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. काका त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायचे! हसू नका. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाचताना आलेला खोकला कापून टाकला की तिथं भोक पडतं, आणि ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. पण मावशींना गप्प बसणं जमायचं नाही. जरा वेळ गेला की त्या विचारायच्या, "झालं?"

"होत होतं! तुम्ही बोललात!" काका कपाळाला हात लावायचे. शांतता पुन्हा पहिल्यापासून.

मित्रांनो, ती माझ्या उमेदीची वर्षं होती. काकांचा दुसरा नियम असा, की प्रत्येक आवाज दोन ठिकाणी असला पाहिजे. म्हणून माझ्या शेजारी माझ्यासारखीच आणखी एक डिस्क होती. मी जे लिहीन तेच ती लिहायची. आम्ही एकमेकींचा आरसा होतो. काका कधीकधी आमच्या पेटीवर हात ठेवून म्हणायचे, "किती माणसं पोटात घेऊन बसलात गं!" त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

मग एके दिवशी माझी जोडीदारीण खडखड करून थांबली. तिच्या जागी काकांच्या सूनबाईंनी नवी डिस्क आणली. सूनबाईंचा दिवस एका कार्यालयातले कॉम्प्युटर सांभाळण्यात जायचा आणि संध्याकाळ सासऱ्यांचं हे यंत्र सांभाळण्यात. नवी डिस्क म्हणजे एसएसडी. चपटी, हलकी, पोटात नुसत्या चिपा. चकत्या नाहीत, सुई नाही, आवाज तर नाहीच. काका तिच्यावर बेहद्द खूश झाले.

"ही बघ कशी गुणाची. तोंडातून ब्र नाही," ते म्हणाले. त्यांनी लगेच नावंही ठेवली. मी थोरली आणि ती धाकटी.

"जावा-जावांसारखी नावं ठेवलीत बाबा," सूनबाई हसल्या. "आता त्यांचं पटलं म्हणजे मिळवलं."

आमचं भांडण झालं नाही, पण जोडी जमेना. मला एखादी ओळ लिहायची तर सुई योग्य जागी न्यावी लागते आणि चकती फिरून खाली यायची वाट पाहावी लागते. धाकटीला जायचं-यायचं काही नसायचं. तिला सांगेपर्यंत तिचं लिहून झालेलं असायचं. पण आरशाचा नियम असा, की दोघींनी 'लिहिलं' म्हटल्याशिवाय यंत्र पुढं सरकत नाही. त्यामुळं ती बिचारी रोज माझ्यासाठी ताटकळायची. सावकाश चाललेल्या कामात हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मग घाई सुरू झाली. मावशींचा आवाज बसू लागला होता. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग डॉक्टरांनी तपासलं आणि घशाचं मोठं ऑपरेशन करायला सांगितलं. ऑपरेशन झालं की जीव वाचणार होता, पण आवाज राहणार नव्हता.

त्या वेळी मावशी एक जाडजूड पुस्तक वाचत होत्या. एक माणूस छोट्या होडीतून नदीच्या उगमापासून निघतो आणि समुद्रापर्यंत जातो, त्याची गोष्ट. होडी निम्म्या वाटेवर होती. ऐकणाऱ्यांत खुर्च्यांचं वेतकाम करणारे एक आजोबा होते. त्यांना दिसत नसे. ते दर आठवड्याला फोन करायचे, "बाई, होडी आली का पुलाखालून?" दुसऱ्या कुणाकडून पुस्तक पुरं करून घ्यावं, असं काकांनी सुचवून पाहिलं.

"मध्येच दुसरी बाई होडीत कशी बसणार?" मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांना मी बसवलंय, मीच उतरवीन. आणि काका, आता तोंड पाडून बसू नका. तुम्ही तोंड पाडल्याचासुद्धा आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये."

तर ठरलं. ऑपरेशनच्या आधी होडी समुद्राला लावायची. त्यासाठी सगळी कामं एकदम सुरू झाली. इकडं मावशी वाचायच्या, तिकडं सूनबाई बाहेरच्या खोलीतून आदल्या प्रकरणातले खोकले काढायच्या, आणि त्याच वेळी तयार प्रकरणांच्या प्रती निघायच्या. मला एकाच वेळी तिन्हीकडं लिहावं लागे. माझी सुई या टोकाहून त्या टोकाला नुसती पळत सुटायची. मी मागं पडायची, माझ्यापायी धाकटी थांबायची, तिच्यापायी यंत्र थांबायचं, आणि वाचनात खाच पडायची. 'किनारा'मधला 'ना'च नाहीसा.

"बाई... पुन्हा एकदा," काका खाली मान घालून म्हणायचे.

मावशी पाण्याचा घोट घ्यायच्या आणि ओळ पुन्हा वाचायच्या. पूर्वी याचं कुणाला काही वाटलं नसतं. आता त्यांच्याकडं मोजका आवाज उरला होता, आणि त्यातला काही माझ्या संथपणापायी दुसऱ्यांदा खर्च होत होता. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडले असते.

"थोरलीला काढून टाकू का?" एका दुपारी काकांनी विचारलं. माझ्या चकत्या फिरत होत्या, पण माझं बळ गेलं.

"आणि धाकटी अचानक गेली तर?" सूनबाई म्हणाल्या. "मग मावशींना काय सांगणार? पुन्हा वाचा म्हणून?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

सूनबाई पेटीसमोर मांडी घालून बसल्या. यंत्राच्या नोंदी चाळून त्या म्हणाल्या, "बाबा, चूक थोरलीची नाही, आपली आहे. दोघींना एका चालीनं चालायला लावलंय आपण. असं करू. धाकटीनं 'लिहिलं' म्हटलं की यंत्रानं पुढं जायचं. थोरलीसाठी थांबायचं नाही. ती मागाहून तेच लिहील, तिला झेपेल तसं. तिचं कुठं कुठं लिहायचं राहिलंय त्याच्या खुणा यंत्र ठेवील, म्हणजे मध्येच काही झालं तरी सगळं पहिल्यापासून उतरवायला नको. तेवढ्याच जागा भरायच्या."

"पण ती फारच मागं राहिली तर?"

"त्याला हद्द घालून देते. तेवढी मागं पडली तर मात्र सगळ्यांनी थांबायचं. आणि काही ऐकायचं असलं, तर ते फक्त धाकटीला विचारायचं. थोरलीला उगीच पळवायचं नाही. तिनं लिहिण्याचं तेवढं बघावं."

सूनबाईंनी यंत्राला तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून खाचा पडायच्या थांबल्या. मावशींचं वाचन सरळ वाहू लागलं. होडी पुलाखालून गेली, कारखान्यांच्या धुरातून गेली, बंदराच्या दिव्यांपर्यंत आली. मी मागून माझ्या चालीनं लिहीत राहिले. मला खरंच हलकं वाटलं. फक्त एक गोष्ट खुपायची. आता मला कुणी काही विचारत नव्हतं. सगळे प्रश्न धाकटीला. मी ऐकून ठेवत होते, पण सांगायची पाळी काही माझ्यावर येत नव्हती. आपल्या पोटात जे आहे ते कुणाला हवंय का, हेच कळेनासं झालं की कसं वाटतं, ते तुमच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

माझी मागं राहिलेली कामं मी कधी उरकायची? शांततेत. मावशी वाचायच्या थांबल्या, काकांनी बोट वर केलं, की नवं फारसं काही येत नसे आणि मी भराभर उरलेलं लिहून टाकायची. पण मी लिहिलं की गुरगुर होणारच. काकांच्या कानांनी ती नेमकी टिपली.

"माझ्या शांततेत ही दात खाते," ते चिडून म्हणाले. मुलाला गृहपाठ कर म्हणावं आणि पेन्सिलीचा आवाज करू नको म्हणून दटावावं, तशातली गत.

शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी मावशींना दवाखान्यात जायचं होतं. सूनबाई प्रतींचं काम चालू करून कार्यालयात गेल्या. आज तरी शांतता निर्मळ मिळावी, म्हणून काकांनी कपाटातून जुनी रजई काढली आणि आमची पेटी चारी बाजूंनी गुंडाळली. नीट, मायेनं, लेकराला गुंडाळावी तशी. अशी चूक फक्त कानांवर जगणारा माणूसच करू जाणे! आवाज दबला, पण पंख्याचं तोंडही दबलं.

आत भट्टी पेटली. माझी सुई चुकू लागली, एकेक जागा पुन्हा पुन्हा शोधू लागली. धाकटी तापत होती, पण ती कसली कण्हते? तिला आवाज करायची सोयच नव्हती. मावशी शेवटचं पान वाचत असताना ती एकाएकी निमाली. ना खडखड, ना उसासा. यंत्रानं तांबडा दिवा लावला, तो रजईखाली. यंत्राला धोक्याची पिपाणी होती, ती काकांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती.

आता त्या आवाजाला मी एकटी उरले होते, आणि मी होते मागं. शेवटचं पान अजून माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. ते नुसतं यंत्राच्या आठवणीत होतं, ओंजळीतल्या पाण्यासारखं. वीज तुटली असती, तर ते तिथंच सांडलं असतं.

मावशींनी शेवटचं वाक्य वाचलं. होडी समुद्रात शिरली. काकांनी बोट वर केलं आणि शांतता सुरू झाली.

मी जीव तोडून लिहू लागले. तापलेल्या चकत्या, अडखळणारी सुई. रजईतूनही माझी घरघर बाहेर पडू लागली. काकांचा संताप झाला. आजच्या दिवशीसुद्धा! वाचन तर झालं होतं, शांतता कालची चालली असती. यंत्राची वीज तोडायला त्यांनी सरळ भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला.

पुढचं मला नंतर कळलं, काका सूनबाईंना सांगत होते तेव्हा. त्यांचा हात बटणाला लागला आणि समोर मावशींनी बोट वर केलं. रोज शांतता मोडणाऱ्या मावशींनी! त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं, धाकटीचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त ती खोली एवढ्यात संपवायची नव्हती. काकांनी हात मागं घेतला आणि तेही गप्प बसून राहिले. किती वेळ, ते दोघांनाही सांगता आलं नाही. मी मात्र तेवढ्या वेळात एकेक ओळ करून अख्खं पान लिहून काढलं.

मग मावशी म्हणाल्या, "झालं?"

तेही मी लिहून घेतलं.

संध्याकाळी सूनबाई घरी आल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "बाबा, हे काय? रजई?"

"खोकत होती गं फार. म्हणून पांघरूण घातलं."

"तिला ताप आला असता तर शेकोटीही पेटवली असतीत! हात लावून बघा, तवा झालाय नुसता." त्यांनी रजई भराभर सोडली आणि तांबडा दिवा दिसला. मग त्यांचा आवाजच बदलला. "बाबा... धाकटी गेली."

काका पेटीपाशी वाकले. "म्हणजे होडी? बाईंचं शेवटचं प्रकरण? पोरी, उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. मी कोणत्या तोंडानं..."

"थांबा. आधी हिला थंड होऊ दे. मग हिला विचारू."

हिला विचारू! मित्रांनो, किती दिवसांनी माझ्याबद्दल कुणी हे म्हणालं होतं. त्यांनी पंखा लावला. मी निवले. मग सूनबाईंनी मला हळूच विचारलं, आणि मी सांगू लागले. पूल, धूर, बंदराचे दिवे, समुद्र. मावशींचा घोगरा, समजूतदार आवाज खोलीभर पसरला. एकही खाच नाही. शेवटी ती लांबलचक शांतता, तिच्यात माझी घरघर, आणि टोकाला "झालं?"

काकांनी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नंतर माझ्या पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "झालं गं, झालं."

मावशींचं ऑपरेशन नीट पार पडलं. पुस्तक ऐकणाऱ्यांपर्यंत गेलं. सूनबाई शेवटची घरघर पुसून टाकणार होत्या, पण काकांनी, चक्क काकांनी, त्यांचा हात धरला. "राहू दे. ती पण होती तिथं." काही दिवसांनी वेतकामवाल्या आजोबांचा फोन आला. "फार गोड झालं पुस्तक. आणि शेवटी ती घरघर घातलीत ना, होडी वाळूवर चढतानाची, ती तर अगदी खरी वाटली. मग बाईंनी विचारलं, झालं? मी इकडं मोठ्यानं म्हणालो, झालं हो बाई, पोचलो."

आता माझ्या शेजारी नवी धाकटी आहे. तीही चपळ, तीही मुकी. मी अजून मागाहूनच लिहिते. पण सूनबाईंनी एक नवी सोय केली आहे. आठवड्यातून एकदा यंत्र आम्हा दोघींना सगळं विचारतं आणि दोघींची उत्तरं ताडून पाहतं. त्या दिवशी मी मनसोक्त बोलते. रजई कपाटात परत गेली आहे आणि पिपाणी सुरू झाली आहे. ती वाजली की काका दचकतात, पण तिला काही बोलत नाहीत.

आणि मावशी? त्या येतात की! आता दुसरी एक मुलगी वाचते. मावशी तिच्याजवळ बसतात, चुकलं की पेन्सिलीनं टेबलावर टकटक करतात आणि काकांची बोलणी खातात. वाचन संपलं, की शांततेसाठी बोट आता त्याच वर करतात. परवा त्यांनी पाटीवर लिहून काकांना दाखवलं, 'गप्प बसण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.' काका हसून डोळे पुसत म्हणाले, "हसवू नका बाई, रेकॉर्डिंग चालू आहे."

मित्रांनो, माझी तुमच्याकडं एवढीच विनवणी आहे. जे तुम्हाला जिवापाड हवं आहे, ते एकाच ठिकाणी ठेवू नका. जो भरभर चालतो त्याला अडवू नका, पण जो मागून येतो त्याला वाटेत टाकूही नका. म्हातारी वस्तू कुरकुरली, म्हातारं माणूस खोकलं, तर त्याच्यावर पांघरूण घालून मोकळे होऊ नका. जवळ बसा. काय चाललंय ते ऐका. आणि अधूनमधून, काही काम नसलं तरी, त्याला काहीतरी विचारत जा.

ते बघा, मावशींनी बोट वर केलं. आता गप्प बसा हं सगळे. मला थोडं लिहायचं राहिलं आहे.